नोकरीची वर्षे जातात कुठे?

कंत्राटी कामगाराला कामावरून काढल्याचे पत्र सहसा येत नाही. ‘उद्यापासून थांब, नवीन टेंडर झाले की बोलावतो,’ एवढेच त्याला सांगितले जाते. गेटपास जमा होतो, हजेरी कार्ड सुपरवायझरकडेच राहते आणि माणूस दुपारीच घरी येतो. घरचे विचारतात, नोकरी गेली का? त्याला धड ‘हो’ म्हणता येत नाही, धड ‘नाही’ म्हणता येत नाही. पंधरा दिवसांनी, कधी महिन्याने, कधी दोन महिन्यांनी बोलावणे येते. काम तेच, यंत्र तेच, शिफ्टही तीच. ठेकेदाराचे नाव मात्र नवे असते. त्या नव्या नावाखाली आठ-आठ वर्षे राबलेला माणूस पुन्हा पहिल्या दिवसाचा नवखा ठरतो.

आपल्या वऱ्हाडात याला एकच शब्द आहे, ‘ब्रेक’. ‘अब्बा ब्रेकवर आहेत’ हे वाक्य आता मोहल्ल्यातली लहान मुलेही सहज बोलतात. पारसच्या वीज केंद्रात, नांदगाव पेठच्या औद्योगिक वसाहतीत, अकोल्याच्या एमआयडीसीतील डाळमिलमध्ये, सरकारी दवाखान्यांच्या साफसफाईत, महापालिकेच्या घंटागाडीवर, बँकेच्या एटीएमसमोरच्या खुर्चीवर, सगळीकडे हा शब्द पोहोचला आहे. जिनिंगचा कामगार तर हंगामाचाच. कापूस आला की काम, कापूस संपला की घर. पण जिनिंगमध्ये निदान कुणी कुणाला फसवत नव्हते. हंगाम संपणार हे दोघांनाही ठाऊक असायचे. वर्षाचे बारा महिने चालणारे काम अकरा-अकरा महिन्यांचे तुकडे करून देणे, ही गोष्ट वेगळी आहे.

गिरणीचा भोंगा ते ठेकेदाराचा फोन

चाळिशी-पन्नाशीतल्या वाचकांना अकोल्याच्या सावतराम आणि मोहता मिलचे भोंगे आठवत असतील, किंवा निदान घरातल्या वडीलधाऱ्यांकडून त्यांच्या गोष्टी ऐकलेल्या असतील. अचलपूरची विदर्भ मिलही त्याच पिढीतली. १९७४ च्या कायद्याने देशभरातल्या आजारी कापड गिरण्या केंद्र सरकारने ताब्यात घेतल्या, त्यात या तिन्ही होत्या. त्या राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे, म्हणजे एनटीसीकडे गेल्या. गिरणीतले काम काही सुखाचे नव्हते. कापसाची धूळ, रात्रपाळी, खोकला, सगळे होते. पण गिरणी कामगाराला आपले तिकीट नंबर पाठ असायचे, कारण त्या नंबरावर त्याची सगळी वर्षे जमा होत असत. मुलीचे लग्न काढायचे, तर फंडातून किती मिळेल याचा हिशेब तो बोटांवर करू शकत होता. दुकानदारही त्याला उधार देताना कचरत नसे.

या जुन्या गिरण्या एकेक करून बंद पडल्या. पुढे मुंबईची फिनले मिल एनटीसीने अचलपूरला आणली, तेव्हा परतवाडा-अचलपूरच्या तरुणांना वाटले, गेलेले दिवस फिरून येतील. काही वर्षे ती चाललीही. मग मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागले आणि एनटीसीच्या देशभरातल्या २३ गिरण्यांची चाके थांबली. महाराष्ट्रात त्यात मुंबईच्या टाटा, इंदू, पोदार आणि दिग्विजय, सोलापूर जिल्ह्यातली बार्शीची आणि आपली अचलपूरची फिनले. लॉकडाऊन उठले, बाजार उघडले, शाळा उघडल्या. गिरणी मात्र पूर्वीसारखी फिरली नाही. थकलेल्या पगारासाठी, गिरणी सुरू करण्यासाठी मोर्चे निघाले, निवेदने गेली. यात एक फरक लक्षात घेण्याजोगा आहे. कायम कामगार निदान म्हणू शकत होता की माझे इतके महिन्यांचे पगार बाकी आहेत. रोजंदारीवर किंवा ठेकेदारामार्फत आलेल्या माणसाला काय मागायचे हेच सांगता येत नव्हते. गिरणी बंद पडल्यावर त्याच्या बाबतीत कागदोपत्री काही घडलेच नव्हते.

सरकारच जेव्हा ठेकेदाराकडून माणसे घेते

खासगी कारखान्याचे एक वेळ समजू शकते, पण सरकारी कामातही हेच चालू आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये करोनाची दुसरी लाट महाराष्ट्रात सर्वांत आधी आपल्याच भागात उसळली. २२ फेब्रुवारीपासून अमरावतीत पुन्हा टाळेबंदी लागली. तेव्हा वॉर्डात उभे राहायला, स्वॅब घ्यायला, मृतदेह गुंडाळायला ज्या तरुण मुली आणि मुले भरती झाली, त्यांच्या नेमणुका ठराविक मुदतीच्या होत्या. टाळ्या वाजल्या, हार घातले गेले. लाट ओसरली तशा मुदती संपल्या.

त्यानंतर ६ सप्टेंबर २०२३ चा शासन निर्णय आला. सरकारी, निमसरकारी कार्यालयांना लागणारे मनुष्यबळ नऊ खासगी संस्थांकडून घ्यावे, असे त्यात होते. स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुले रस्त्यावर उतरली. विदर्भातल्या अभ्यासिका आणि भाड्याच्या खोल्या अशा मुलांनी भरलेल्या असतात, त्यामुळे इथे संताप मोठा होता. २० ऑक्टोबर २०२३ रोजी तो निर्णय रद्द करत असल्याचे जाहीर झाले. निर्णय गेला, पण पद्धत गेली नाही. कार्यालयातला शिपाई, डेटा एंट्री करणारी मुलगी, दवाखान्याच्या दारातला सुरक्षारक्षक आजही बहुतेक ठिकाणी एजन्सीचाच असतो.

राष्ट्रीय आरोग्य अभियानातले कंत्राटी कर्मचारी ऑक्टोबर २०२३ मध्ये संपावर गेले. १४ मार्च २०२४ ला दहा वर्षे सेवा झालेल्यांच्या समायोजनाचा शासन निर्णय निघाला. तरीही ऑगस्ट २०२५ मध्ये हेच कर्मचारी पुन्हा संपावर बसले. कागदावर मिळालेले हातात पडत नाही, ही त्यांची तक्रार होती. पण त्या निर्णयातला ‘दहा वर्षे’ हा आकडा महत्त्वाचा आहे. कंत्राटी माणसाच्या आयुष्यात हा आकडा पुन्हा पुन्हा येतो, आणि ज्याने आपली वर्षे मोजून, जपून ठेवली नाहीत त्याच्या हातून तो निसटतो. पुढे त्याबद्दलच लिहायचे आहे.

ब्रेकचा महिना घरात कसा जातो

त्याआधी घराचे पाहू. महिना बारा-तेरा हजार कमावणाऱ्या माणसाच्या घरात ब्रेकचा पहिला आठवडा शांत जातो. दुसऱ्या आठवड्यात किराणा दुकानाची वही उघडते. तिसऱ्या आठवड्यात भाभी बीसीचा, म्हणजे भिशीचा हप्ता शेजारणीकडून घेऊन भरतात, कारण बीसी चुकली तर मोहल्ल्यात तोंड दाखवणे कठीण. मग मोबाइलचा हप्ता, बचत गटाच्या कर्जाचा आठवडी हप्ता. महिना संपेपर्यंत कानातले गहाण पडलेले असते. माणूस दोन महिन्यांनी पुन्हा कामावर लागतो, पण ते दोन महिने फेडायला त्याला आठ-नऊ महिने लागतात. तोवर पुढचा ब्रेक उभा राहतो. नोकरी असूनही कर्ज का वाढते, हा प्रश्न ज्यांना पडतो त्यांनी हा हिशेब एकदा कागदावर मांडून बघावा.

इथे समाजाचाही एक भाग आहे आणि तो स्पष्ट बोलला पाहिजे. आपल्याकडे जकात आणि सदका बहुतांशी रमजानमध्ये निघतो आणि शिधा, कपडे यांच्या रूपाने वाटला जातो. चांगलेच आहे. पण ठेकेदाराचे टेंडर रमजान पाहून संपत नाही. ते मार्चमध्ये संपते, सप्टेंबरमध्ये संपते. सूरह तौबाच्या साठाव्या आयतीत जकातीचे जे आठ हकदार सांगितले आहेत, त्यात कर्जात बुडालेला माणूस स्पष्टपणे आहे. काम सुटलेला, तीन हप्ते थकलेला, स्वाभिमानामुळे शिध्याच्या रांगेत उभा न राहणारा कामगार हा त्या व्याख्येत येतो की नाही, याचा विचार मोहल्ल्यातल्या बैतुलमालच्या जबाबदारांनी आपल्या आलिमांना विचारून जरूर करावा. कित्येकदा त्याला खैरात नकोच असते. दोन महिन्यांचे घरभाडे कर्जे-हसना म्हणून मिळाले, तर तो काम लागताच परत करायला तयार असतो, आणि कानातले सावकाराकडे जात नाही. पंचवीस-तीस हजारांच्या छोट्या निधीतूनही दोन-तीन घरे अशी तरून जाऊ शकतात. मोठ्या इमारती बांधणाऱ्या आपल्या कमिट्यांना हे अवघड वाटू नये.

फंड काढला आणि वर्षे पुसली

आता वर्षांच्या हिशेबाकडे येऊ. ब्रेक लागला की कामगाराच्या डोक्यात पहिला विचार येतो, ‘पीएफ काढून घेऊ.’ हे समजण्यासारखे आहे. घरात चूल पेटायची आहे आणि पैसा आपलाच आहे. पण पीएफच्या पावतीत दोन वेगळ्या थैल्या असतात, हे फार थोड्यांना सांगितले जाते. कामगाराच्या पगारातून (मूळ वेतन आणि महागाई भत्ता यावर) १२ टक्के कापले जातात, मालकही तेवढेच भरतो. मालकाच्या वाट्यातले ८.३३ टक्के भविष्यनिधीत न जाता पेन्शन योजनेत जातात. पहिल्या थैलीत पैसे जमतात. दुसऱ्या थैलीत मुख्यतः वर्षे जमतात.

त्या दुसऱ्या थैलीचा नियम असा की एकूण दहा वर्षे भरली की ५८ व्या वर्षापासून जन्मभर पेन्शन. ही दहा वर्षे एकाच मालकाकडची असावीत असे कुठेही म्हटलेले नाही. पाच ठेकेदारांकडची दोन-दोन वर्षेही चालतात, अट एवढीच की मधल्या काळात पेन्शनची रक्कम काढून घेतलेली नसावी आणि प्रत्येक ठेकेदाराकडचे खाते पुढच्या खात्यात वर्ग झालेले असावे. प्रत्येक ब्रेकला जो दोन्ही थैल्या रिकाम्या करतो, त्याची मोजणी दर वेळी शून्यापासून सुरू होते. वीस वर्षे राबूनही त्याच्या नावावर ‘सेवा : एक वर्ष दोन महिने’ एवढेच दिसते.

रकमेचेही बघू. पेन्शनचे सूत्र सोपे आहे : शेवटच्या पाच वर्षांच्या सरासरी पगाराला सेवेच्या वर्षांनी गुणायचे आणि ७० ने भागायचे. बारा हजार पगार, दहा वर्षे सेवा, म्हणजे महिना सुमारे १,७१४ रुपये. रक्कम काही मोठी नाही, आणि ती मोठी आहे असे भासवण्यात अर्थ नाही. त्याउलट, दहा वर्षे भरण्याआधी पेन्शनची रक्कम काढली तर साधारण एका वर्षाला एका पगाराच्या आसपास मिळते. नऊ वर्षांची काढली तर सव्वा लाखाच्या थोडे आत. हे पैसे पेन्शनच्या सहा वर्षांत वसूल होतात, आणि त्यापुढची पेन्शन, शिवाय माणसामागे बायकोला मिळणारी, वरची. ज्याला काढण्याशिवाय इलाजच नाही त्याने पहिली थैली, म्हणजे भविष्यनिधी काढावा. पेन्शनची काढू नये. तिच्याऐवजी पीएफ कार्यालयाकडून ‘स्कीम सर्टिफिकेट’ घेता येते. त्यावर आतापर्यंतची सेवा लिहिलेली असते आणि पुढच्या नोकरीत ती जोडली जाते. सायबर कॅफेवाला फॉर्म भरताना दोन्ही खुणा करून टाकतो, कारण त्याचे काम लवकर संपते. तिथे बसूनच त्याला थांबवावे लागते.

ऑक्टोबर २०२५ मध्ये भविष्यनिधी संघटनेच्या विश्वस्त मंडळाने काढण्याचे नियम बदलण्याचा निर्णय घेतला. नोकरी गेल्यावर ७५ टक्के लगेच, उरलेले २५ टक्के बारा महिन्यांनी, आणि पेन्शनची रक्कम दोन महिन्यांऐवजी छत्तीस महिन्यांनी काढता यावी, असा तो निर्णय. यावर टीका झाली, कारण अडचणीतल्या माणसाला स्वतःच्याच पैशासाठी थांबवणे कुणालाही आवडणार नाही. ती टीका चूक नाही. पण पेन्शनचे छत्तीस महिने निदान ब्रेकवरच्या कामगाराची वर्षे वाचवतील, हेही खरे.

पीएफवरच्या व्याजाविषयी अनेक घरांत शंका असते. ती आपल्या आलिमांना विचारून दूर करावी. पण त्या शंकेपायी वर्षानुवर्षे पासबुकच न बघणे, ठेकेदार पैसे भरतो की नुसते कापतो याचीही चौकशी न करणे, याने भले फक्त ठेकेदाराचे होते.

शेख सलीम शेख करीम की सलीम शेख?

आता वऱ्हाडातल्या आपल्या घरांची एक खास अडचण. आपल्याकडे नावे लिहिण्याची जुनी रीत आहे : शेख सलीम शेख करीम. उदाहरणापुरते हेच नाव घेऊ. शाळेच्या दाखल्यावर ते असे. आधार कार्डावर इंग्रजीत ‘एसके’ असे आखूड करून, पुढे सलीम. बँकेत ‘सलीम करीम शेख’, कारण क्लार्कने आडनाव शेवटी हवे म्हणून सांगितले. पहिल्या ठेकेदाराच्या मुकादमाने ‘शे. सलीम’ एवढेच लिहिले. दुसऱ्याने मोबाइलवर ऐकून ‘सलिम’ला पहिली वेलांटी दिली. मोहम्मदचे तर विचारू नका. एमडी, मोहद, मो., मुहम्मद, जितकी कार्यालये तितकी रूपे. बायकांच्या नावांत ‘बी’, ‘परवीन’, ‘अंजुम’ लग्नाआधी एका जागी तर लग्नानंतर दुसऱ्या जागी.

संगणकाला ही सगळी वेगवेगळी माणसे वाटतात. म्हणून एकाच कामगाराचे दोन-दोन यूएएन, म्हणजे पीएफचे कायम क्रमांक, तयार होतात आणि वर्षे दोन नावांत वाटली जातात. दावा करायला गेले की ‘नाव जुळत नाही’ म्हणून परत. पूर्वी दुरुस्तीसाठी जुन्या ठेकेदाराची सही लागायची, आणि तो ठेकेदार एव्हाना नागपूरला किंवा कुठे गेलेला असायचा. जानेवारी २०२५ पासून यात एक सोय झाली आहे. ज्यांचा यूएएन १ ऑक्टोबर २०१७ नंतरचा असून आधारशी जोडलेला आहे, त्यांना नाव, जन्मतारीख, कामावर लागल्याची आणि सुटल्याची तारीख अशा गोष्टी ऑनलाइन स्वतःच दुरुस्त करता येतात, ठेकेदाराच्या मंजुरीशिवाय. त्यापेक्षा जुन्या क्रमांकांना संयुक्त घोषणापत्र भरावे लागते. पाच जिल्ह्यांची कामे करणारे पीएफ कार्यालय अकोल्यात आहे. अमरावतीच्या माणसाचा दिवस जातो, पण नोकरी चालू असताना गेलेला एक दिवस ब्रेकमध्ये गेलेल्या सहा चकरांपेक्षा स्वस्त पडतो.

नावाच्या एका अक्षराने काय होऊ शकते, याचे मोठे उदाहरण मुंबईचे आहे. मुंबई महापालिकेचा कचरा उचलणाऱ्या २,७०० कंत्राटी सफाई कामगारांनी कचरा वाहतूक श्रमिक संघामार्फत अनेक वर्षे लढा दिला. २०१४ मध्ये औद्योगिक न्यायाधिकरणाने त्यांना कायम करण्याचा निवाडा दिला, ७ एप्रिल २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला. केवढा मोठा विजय! आणि मग पालिकेच्या टेबलावर अनेकांचे प्रकरण अडले ते यादीतले नाव आणि कागदावरचे नाव जुळत नाही म्हणून. न्यायालयात जिंकलेली माणसे स्पेलिंगमध्ये अडकली.

कागद मागायचा कुणाकडे

अलीकडे न्यायालयांचा सूर थोडा बदलला आहे. २० डिसेंबर २०२४ च्या जग्गो खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने केंद्रीय जल आयोगात वर्षानुवर्षे साफसफाई आणि बागकाम करणाऱ्यांना नियमित करण्याचा आदेश दिला. कायम स्वरूपाचे काम तात्पुरत्या नावाखाली करून घेण्यावर न्यायालयाने कडक शब्दांत ताशेरे ओढले. पण प्रत्येकाला हा निकाल लागू होईल असे कुणी सांगत असेल, आणि त्यासाठी फी मागत असेल, तर सावध राहावे. असे निकाल त्यालाच उपयोगी पडतात ज्याच्याकडे ‘मी या जागी इतकी वर्षे सलग काम केले’ याचा पुरावा आहे.

पुरावा म्हणजे फार काही नाही. हजेरी कार्डाचा फोटो, पगाराची पावती, बँकेच्या पासबुकात ठेकेदाराच्या नावाने आलेली नोंद, गेटपास, ईएसआयसीचे कार्ड, कारखान्याने दिलेले सुरक्षा प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र. गेटपास जमा करण्याआधी त्याचा मोबाइलवर फोटो काढायला दहा सेकंद लागतात. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या श्रमसंहितांनी प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र देणे बंधनकारक केले आहे. ते मागण्यात उद्धटपणा नाही. पवित्र कुरआनातली सर्वांत लांब आयत, सूरह बकरातली २८२ वी, उधारीचा व्यवहार लिहून ठेवणे, साक्षीदार ठेवणे यावरच आहे. तरीही आपल्याकडे लिहून मागणे म्हणजे अविश्वास, असे समजले जाते. ‘मुकादम आपलाच माणूस आहे’ म्हणून कागद मागितला नाही, असे सांगणारे कितीतरी भेटतील. मुकादम आपला असतो, ठेका त्याचा नसतो.

ठेकेदाराने पगार बुडवला तर तो देण्याची जबाबदारी मूळ मालकावर येते. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात हे होते आणि नव्या संहितांतही आहे. पीएफ भरण्याचेही तसेच. म्हणजे ‘ठेकेदार पळाला, आम्ही काय करणार’ हे कारखान्याचे उत्तर कायद्याला धरून नाही. कामावरून कमी केल्यास उरलेला पगार दोन कामाच्या दिवसांत द्यावा लागतो. अमरावती आणि अकोला, दोन्हीकडे कामगार खात्याची कार्यालये आहेत. तक्रार एकट्याने करण्यापेक्षा आठ-दहा जणांनी सह्या करून केली तर बरी, कारण एकट्याला पुढच्या टेंडरला बोलावले जात नाही. ही भीती खरी आहे. तिच्याकडे कानाडोळा करून सल्ले देणाऱ्यांचे कामगार ऐकत नाहीत, आणि त्यात त्यांचे चुकत नाही.

ज्यांचा पगार २१ हजारांपर्यंत आहे आणि ईएसआयसी कापला जातो, त्यांच्यासाठी अटल विमित व्यक्ती कल्याण योजना आहे. काम सुटल्यावर सरासरी रोजाच्या निम्मी रक्कम, आयुष्यात एकदा, जास्तीत जास्त ९० दिवस. योजनेची मुदत वेळोवेळी वाढवली जाते, म्हणून ईएसआयसीच्या कार्यालयात विचारूनच अर्ज करावा. तिथेही पुन्हा तोच प्रश्न, हप्ते भरल्याचे किती दिवस जुळतात.

शेवटी एक गोष्ट भगिनींसाठी, कारण या कागदांची खरी गरज अनेकदा त्यांनाच पडते, तीही सर्वांत वाईट वेळी. नोकरीत असताना कामगाराचा इंतकाल झाला तर विधवेच्या पेन्शनला दहा वर्षांची अट नाही. एका महिन्याचा हप्ता भरलेला असला तरी ती मिळते, निदान १,००० रुपये महिना, आणि मुलांना २५ वर्षांपर्यंत वेगळी. त्याशिवाय पीएफला जोडलेला विमा असतो, ज्याचा हप्ता कामगाराच्या पगारातून जात नाही, म्हणून पावतीवर दिसत नाही, म्हणून घरात माहीतही नसतो. बारा महिने सलग सेवा असेल तर किमान अडीच लाख, जास्तीत जास्त सात लाख रुपये. सलग म्हणजे एकाच ठेकेदाराकडे असे नाही. २०२५ मधल्या दुरुस्तीने दोन नोकऱ्यांमधला साठ दिवसांपर्यंतचा खंड आता सेवा तुटली असा धरला जात नाही. म्हणजे ज्या ब्रेकने आयुष्यभर छळले, तो निदान या एका ठिकाणी मोजला जाणार नाही.

त्यासाठी तीन फॉर्म लागतात. भविष्यनिधीसाठी २०, पेन्शनसाठी १०-डी, विम्यासाठी ५-आयएफ. सोबत मृत्यूचा दाखला, बँकेचे पासबुक, मुलांचे जन्मदाखले आणि यूएएन. बहुतेक घरांत हा क्रमांक कामगाराच्या मोबाइलमध्ये असतो, आणि मोबाइलला पासवर्ड असतो. तो क्रमांक निकाहनामा आणि रेशन कार्डाच्या पिशवीत कागदावर लिहून ठेवावा, आणि ऑनलाइन नामनिर्देशनात अजूनही अम्मीचेच नाव आहे की लग्नानंतर ते बदलले, हे याच आठवड्यात उघडून बघावे.